कांदेबागेचा तक्ता

धुळ्याच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात जर्नल लिहिण्याची एक रीत होती, आणि ती कोणाला शिकवावी लागत नसे. वर्गातल्या एकानं प्रयोग करायचा, एकानं तो नीट लिहून काढायचा आणि बाकीच्या सगळ्यांनी तो उतरवून घ्यायचा. सरांना माहीत, प्राचार्यांना माहीत, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही माहीत. कारण तेही कधीकाळी असंच उतरवून पास झालेले. यात कोणाला चोरी दिसत नव्हती. उलट जर्नल द्यायला जो नाही म्हणेल तो खडूस, त्याला कॅन्टीनमध्ये कोणी सरकून जागा देणार नाही. रावेरची रूपा महाजन तिन्ही वर्षं लिहून काढणाऱ्यांतली होती. अक्षर सुरेख, आकडे चोख, आणि नाही म्हणायची जीभ मात्र देवानं तिला दिलेली नव्हती. भीड भिकेची बहीण, असं तिची आई तानुबाई तिला उगाच ऐकवत नसे.

तिसऱ्या वर्षी योगराज सर पुण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले आणि वर्गावर नवं खूळ घेऊन आले. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गिट', आणि समजावलं, की जगात असे कितीतरी प्रकल्प आहेत ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो. आपण त्याची स्वतःपुरती प्रत काढायची, त्यात सुधारणा करायची, काय बदललं आणि का, याची एक ओळ लिहायची आणि मूळ मालकाला विनंती पाठवायची. त्याला पटलं तर तो आपला बदल मुळात मिसळून घेतो. त्याला म्हणायचं मर्ज. "ज्याचा बदल मर्ज होईल त्याला वीसपैकी वीस," सर म्हणाले. "ज्याचा नाही, त्याला भोपळा." सांगणं चार ओळींचं. सरांनी स्वतः आयुष्यात एकही बदल कुठं पाठवलेला नव्हता, हे वर्गाला त्याच दिवशी कळलं, कारण कौतिक नावाच्या पोरानं विचारलं आणि सरांनी घड्याळ पाहिलं. उंटावरच्या शहाण्याला खाली उतरून चालायला कोण सांगणार?

वर्गात कुजबुज सुरू झाली. रूपा मात्र मनातल्या मनात हसली. तिचं हे काम दिवाळीपासूनच सुरू होतं, आणि ते वीस मार्कांसाठी नव्हतं.

'रेगा' नावाचं एक ॲप होतं. पोर्तुगालच्या एका बेटावर इनेस नावाची बाई राहते, तिनं ते सुरू केलेलं. तिच्या भाषेत रेगा म्हणजे पिकाला पाणी भरणं. पीक सांगा, जमीन सांगा, लावणीची तारीख सांगा. रोपाला आज किती लिटर पाणी हवं ते रेगा सांगतं. त्या बेटावरही केळी पिकते, म्हणून केळीचा तक्ता त्यात होता. पण एकच. आपल्याकडं केळीच्या लावण्या दोन. पावसाच्या तोंडावर लावतात ती मृगबाग, आणि पाऊस सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात ती कांदेबाग. दोन्हींची तहान निराळी. रूपाच्या वडिलांनी, मोतीलालनानांनी, एका थंडीत रेगाच्या सांगण्याप्रमाणे दोन ओळींना पाणी देऊन पाहिलं होतं. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. नाना हसून म्हणाले, "तुह्या बाईनं रावेरची थंडी नाही पाह्यली."

नानांनी ती पाहिली होती आणि लिहूनही ठेवली होती. अकरा वर्षं ते कांदेबागेची वही लिहीत होते. कोणत्या दिवशी किती वेळ ठिबक चालवलं, रोपाला किती लिटर पाणी गेलं, पहाटे थंडी किती, नवं पान केव्हा फुटलं, सगळं. नानांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण वहीत एक दिवस कोरा नव्हता. आजा वारला त्या दिवशीसुद्धा पाण्याचे तास लिहिलेले होते. दिवाळीच्या सुट्टीत रूपानं ती वही मागितली. नानांनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पिशवीत घालून तिच्या हातात ठेवली.

"याच्यातून कांदेबागेचा नवा तक्ता करते, नाना," ती म्हणाली. "जो कोनी रेगा वापरंल, त्याले तो दिसंल. अन् आकडे कोनाचे, तर तुमचे, असं त्याच्यात लिहिलेलं राहीन. ते पुसता येत नाही."

"म्हंजे सातबाऱ्यावानी?"

"त्याच्याहून पक्कं. कोनी काय बदललं, कवा बदललं, बठ्ठं तसंच राह्यतं."

 दुसऱ्या दिवशी केळीच्या पॅकिंग शेडवर जीवराम हमालापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की मोतीलाल महाजनची वही जगात चालली आहे. रूपाला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं, तेवढं दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

होस्टेलवर बसून तिनं तीन महिने आकडे भरले. सरासऱ्या काढल्या, तपासल्या, आणि बदलाच्या कारणाच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं: 'आकडे मोतीलाल धना महाजन, रावेर, यांच्या अकरा वर्षांच्या नोंदींतून.' तक्त्याच्या फायलीतही माथ्यावर तीच ओळ घातली. एवढं सगळं झालं, तरी तिनं ते पाठवलं नाही. चौथ्या महिन्याचा, म्हणजे जानेवारीचा, आकडा तिला खुपत होता. सगळी पुस्तकं सांगत, थंडीत पाणी कमी करा. नानांच्या वहीत ते पाच लिटरवरून साडेआठवर गेलेलं. एका वर्षी मात्र तीनच. चूक लिहिण्यात होती की त्या वर्षी मोटर जळली होती, हे नानांनाच विचारायला हवं होतं. नाना कटाईच्या धांदलीत होते. "रविवारी सांगतो, निवांत," म्हणाले. एका आकड्यासाठी रूपानं रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं. खोटा आकडा नानांच्या नावावर जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

गुरुवारी भूपेंद्र आला. साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा, वर्गाचा प्रतिनिधी, दिलखुलास पोरगा. कोणाची फी भरायची राहिली की हा धावणार, कोणाला ताप आला की हा गाडी काढणार. अशा माणसाला नाही म्हणणं तर आणखी कठीण.

"रूपा, तुनी ती फाईल दी दे ना," तो म्हणाला. "बठ्ठास्ना वीस मार्कांना सवाल शे. कोनलेच काही सुधरी नही ऱ्हायनं."

"अरे, हे जर्नल नाही. हे खरं काम आहे. माझ्या नानांचं आहे."

"आम्ही फक्त दखसूत, कसं करतस ते. तू टाकशी पहिले, मंग आम्ही दुसरं काहीतरी करसूत. आईनी आन."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. रूपानं त्याला आपली प्रत गिटवरूनच घ्यायला सांगितली असती, तर तिचं नाव प्रत्येक बदलाला चिकटून त्याच्या मागोमाग गेलं असतं. त्याच्या वाटेनं पाठवलं तरी ते काम रूपाचंच दिसलं असतं. हे वर्गात तिला एकटीला माहीत होतं. पण तीन वर्षांची सवय हाताला. जर्नलचा फोटो जसा पाठवायचा, तशी तिनं फाईल उचलली आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'फक्त बघायला.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकोणीस जणांनी अंगठा दाखवला.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी भूपेंद्रनं तो तक्ता इनेसकडं पाठवला. फाईल तीच, आकडे तेच. त्यानं फक्त माथ्यावरची नानांच्या नावाची ओळ काढून टाकली. जर्नल उतरवताना पहिली गोष्ट तीच करायची असते, मूळ नाव काढायचं. त्यात त्याला वावगं काही वाटलं नसणार, आणि हेच मला जास्त झोंबतं. त्याच्यामागून पोरं सुटली. सहा वाजेपर्यंत छप्पन्न विनंत्या पोचल्या. आकड्यांना कोणीच हात लावला नव्हता. कोणी माहितीच्या पानावर आपलं नाव नि मोबाईल नंबर जोडला होता. दोघांनी 'आदरणीय मॅडम, कृपया मर्ज करा, इंटर्नलचा प्रश्न आहे' असंही लिहिलं होतं.

रूपाला कळलं तेव्हा ती लायब्ररीत होती.  तिनं घाईघाईनं आपला बदल पाठवला, नानांच्या नावासकट, आणि तो गेला एक्केचाळिसावा. वरातीमागून घोडं. वर नानांचं नाव असलेली ती एकच प्रत असल्यामुळं, चाळीस जणांचं उतरवून हिनं शहाणपणानं एक नाव घुसडलं, असं कोणालाही वाटावं.

इनेसनं रात्री एक सोडून सगळ्या विनंत्या बंद केल्या आणि त्या सगळ्यांना प्रकल्पाची दारं बंद केली. सुक्याबरोबर ओलंही जळालं. रूपाच्या बदलाखाली एकच शब्द होता: 'नक्कल.'

तिनं इनेसला पत्र लिहिलं. तीन महिन्यांचं काम, लॅपटॉपवर रोजच्या रोज केलेल्या नोंदी, त्यांच्या तारखा, सगळं जोडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाई वाईट नव्हती, थकलेली होती. तिनं लिहिलं होतं, की स्वतःच्या यंत्रावर कोणीही हवी ती तारीख घालू शकतो, तो पुरावा होत नाही. आणि मूळ काम माझंच, बाकीचे नकलाकार, असं सांगणारी तुमच्या कॉलेजातून आलेली अकरा पत्रं माझ्यासमोर आहेत. तुमचं बारावं.

अकरा! रूपा त्या आकड्याकडं बघत राहिली. ते अकरा कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. रोज मेसमध्ये त्यांच्याबरोबरच जेवायचं होतं.

छप्पन्नांतली एक विनंती मात्र इनेसनं उघडी ठेवली होती. सगळ्यात पहिली, भूपेंद्रची. तिला ते आकडे खरे वाटले होते. तिनं त्याच्याखाली विचारलं होतं: 'जानेवारीत रोपाची वाढ थांबते. मग तुझ्या तक्त्यात पाणी वाढतं कसं? हे कोणी मोजलं? उत्तर पटलं तर घेईन, नाहीतर हेही बंद.'

भूपेंद्र धावत रूपाकडं आला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"जानेवारीमां पानी का बरं वाढस?"

"मला काय विचारतोस?" रूपाचा आवाज चढला. "तुझा तक्ता आहे ना? तूच सांग."

"मनं चुकनं, रूपा. खरंच चुकनं. मी टाकं तं बठ्ठासनी टाकं."

"मग तिला लिही. लिही, की हे रूपाचं आहे, तिच्या वडिलांचं आहे."

तो खाली बघत म्हणाला, "लिखसू. पन मंग ती हाईबी बंद करी. तुले तं तिनी पहिलेच बाहेर काढं. मंग कोनलेच काही भेटाव नही, अन् तुना नानाना आकडाबी वाया जातीन."

राग त्याचा यायला हवा होता, आणि तो आलाही. पण पोरगा बोलला ते खोटं नव्हतं. रूपाच्या हातून आता काही पाठवता येत नव्हतं. नानांची वही त्या बाईपर्यंत पोचवायला जगात एकच तोंड उरलं होतं, आणि ते आयत्या बिळावरच्या या नागोबाचं होतं.

तिनं नानांना फोन लावला. पलीकडं ट्रक भरण्याचा गलका होता.

"नाना, जानेवारीत पानी का वाढवता? तिकडून इचारलं आहे."

"त्या बाईनं इचारलं? मले?"

रूपानं सांगून टाकलं, "हो. तुम्हालेच."

नानांनी बाजूला येऊन जे सांगितलं ते तिनं आयुष्यात एवढं सलग कधी ऐकलं नव्हतं. सातपुड्याकडून थंड वारा सुटला की केळीला चरका लागतो, पान करपतं, रोप जागच्या जागी बसतं. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं. उजाडायच्या आत ते सोडलं की मुळं ऊब धरतात. ते पाणी तहानेचं नाही, उबेचं आहे. आणि तीन लिटर लिहिलं त्या वर्षी मोटर जळली होती. बाराशे रोपं बसली ती परत उठलीच नाहीत. "सांग तिले," नाना म्हणाले, "खरं वाटत नसंल तं ये म्हना इकडे थंडीत. दाखवतो."

रूपानं ते वाक्य सोडून बाकी सगळं भूपेंद्रला इंग्रजीत सांगितलं. तो टाइप करत गेला. "आता नानांचं नाव लिही," ती म्हणाली.

"आते नको. नवं नाव दखीसन तिले परत शंका यी. एकदा मर्ज व्हऊ दे, मंग दुसऱ्या बदलमां टाकी देसू. तुना गळानी आन."

तासाभरात उत्तर आलं. इनेसनं लिहिलं होतं, की वीस वर्षं मी या पिकात आहे, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. 'धन्यवाद, भूपेंद्र. तू त्या शेतात पहाटे उभा राहिलेला आहेस हे कळतं.' आणि तक्ता मर्ज झाला.

भूपेंद्र आयुष्यात केळीच्या बागेत गेलेला नव्हता. त्याच्या घरी कापूस होता.

योगराज सरांनी त्याला वीस दिले आणि कॉलेजच्या फाटकावर त्याचा फ्लेक्स लागला. रूपाला भोपळा. ती केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून आली तेव्हा सर म्हणाले, "मला समजतं गं, पण मर्ज नाही ना झालं? नियम तो नियम. पुढच्या वेळी आधी सबमिट करत जा." नानांच्या नावाचा तो दुसरा बदल परीक्षेनंतर करायचा होता, मग सबमिशननंतर, मग सुट्टीत. भूपेंद्र दर वेळी कानाला हात लावायचा. शेवटी रूपानंच विचारायचं सोडलं, आणि मनात त्याच्या नावानं बोटं मोडत राहिली.

मे महिन्यात ती रावेरला गेली. संध्याकाळी नाना शेतातून आले, पाय धुऊन ओट्यावर बसले आणि चष्मा पुसून म्हणाले, "दाखव."

तिनं मोबाईलवर पान उघडलं. कांदेबागेचा तक्ता, अकरा वर्षांचे आकडे, चौथ्या महिन्यात साडेआठ लिटर. नानांनी आकडे ओळखले, त्यांवरून बोट फिरवलं. मग वर नाव होतं ते एकेक अक्षर लावत वाचलं.

"हे कोन?"

तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. ग्रुपवर टाकलेली फाईल, छप्पन्न विनंत्या, अकरा पत्रं, फोनवरचं खोटं, आणि भूपेंद्र पहाटे शेतात उभा राहिलेला आहे असं बाईनं लिहिलेलं वाक्य. बोलता बोलता तिला रडू फुटलं. "हलकट निघाला तो, नाना. चोर निघाला." नाना आता त्याला शिव्या घालतील, उद्या धुळ्याला येतो म्हणतील, याची ती वाट पाहत होती. महिनाभर तिनं तेवढ्यावरच दम धरलेला.

नाना म्हणाले, "त्यानं तुले मांगितली. तू देली."

"कॉलेजात बठ्ठेच देतात, नाना. तशी रीतच आहे."

"तुही वही असती तं देती. मले इचारलं व्हतं का?"

रूपानं मोबाईल पालथा ठेवला.

"भाईदास मव्हा सख्खा भाऊ," नाना हळूच म्हणाले. "तीन वर्सं मांगत व्हता हे वही. म्हने, फोटो काढून घेतो, बाकी काही नको. नाही देली. बोलनं बंद झालं आमचं त्याच्यापायी. त्याच्या पोराच्या लग्नाले मी रस्त्यावर उभा राहून अक्षता टाकल्या." ते उठले. "तुले देली व्हती मी. एकट्या तुले."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तानुबाईनं आतून जेवायला हाक मारली आणि नाना जेवायला गेले.

जूनमध्ये भूपेंद्रचा मेसेज आला. इनेसचं पत्र पुढं पाठवलं होतं. तिच्या बेटावरही यंदा थंडी जास्त पडली. भूपेंद्रनं गेल्या हिवाळ्याचे आकडे पाठवले तर तक्ता नवा करता येईल, असं तिनं लिहिलं होतं. खाली भूपेंद्रचे जोडलेले हात: 'रूपा, एवढं नानास्ले इचार ना. आते मी नाव टाकसूच.'

रूपानं दोन दिवस तो मेसेज तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी नाना ठिबकच्या नळ्या धुवत होते, तिथं जाऊन तिनं विचारलं. निदान आता तरी नाव लागेल, असंही सांगितलं.

नानांनी नळीतला गाळ झटकला. "वर ज्याचं नाव आहे त्याले इचारा म्हना," ते म्हणाले. "तो उभा राह्यला ना पहाटं."

ते पुढच्या ओळीकडं गेले. रूपानं भूपेंद्रला लिहिलं, की आकडे नाहीत.